घडीमागचा रकाना

संग्रहालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तलवारी येतात, नाणी येतात, नाक तुटलेले पुतळे येतात. विद्यापीठाच्या तळघरातल्या संग्रहालयात यातलं काही नव्हतं. तिथे कपाटाएवढी संगणक यंत्रं होती, ज्यांच्या दहापट अक्कल आज मनगटावरच्या घड्याळात असते, आणि ती यंत्रं लेकरांसारखी सांभाळणारे एक सर होते. कुणी कशाला बोट लावायला गेलं की ते तीन खोल्यांपलीकडून "जपून, जपून!" असे ओरडायचे, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव जपून सर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

या जपून सरांनी त्या दिवशी पंचबाईंना बोलावून घेतलं होतं. पंचबाई म्हणजे विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या पहिल्या पंच ऑपरेटरांपैकी एक. हल्लीच्या मंडळींना हे काम काय होतं ते सांगताना बाईंची दमछाक व्हायची. तेव्हाच्या त्या संगणकापुढे बसून त्याला काही सांगायची सोयच नव्हती. जे सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगायचं, आणि ती कार्डं गठ्ठ्याने यंत्राच्या तोंडी द्यायची. भोकं पाडणाऱ्या आठ बायकांत सगळ्यात झपाट्याचा हात यांचा. खऱ्या नावाने त्यांना त्या इमारतीत कुणी कधी हाक मारली नाही. निवृत्तीच्या पत्रावरसुद्धा कारकुनाने आधी पंचबाई असंच लिहिलं होतं आणि मग खोडून नाव घातलं होतं.

"बाई, मागच्या कोठीत कार्डांचे एकोणीस ट्रे सापडलेत," सर फोनवर म्हणाले होते. "ओल लागून चिठ्ठ्या सगळ्या गळून पडल्यात. कुठला सरावाचा, कुठला खऱ्या परीक्षेचा, काही पत्ता नाही. नवीन कोरडं कपाट मिळालंय, पण त्यात दोनच मावतील. बाकीचे न्यायला चार वाजता गाडी येतेय. त्याआधी तुम्ही एकदा नजर टाकाल का?"

परीक्षा हा शब्द कानावर पडला आणि पंचबाईंना नाही म्हणावंसं वाटलं. तरी त्या हो म्हणाल्या. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण त्यांनी बेचाळीस वर्षांत कुणालाही दिलं नव्हतं.

धाकट्या बहिणीने त्यांना गाडीतून आणून सोडलं. या बाईसुद्धा साठीला टेकलेल्या, शाळांचे गणवेश शिवायचा त्यांचा स्वतःचा कारखाना, हाताखाली पंधरा कारागीर. पण घरात त्या अजून धाकटीच. ती म्हणाली, "ताई, तुझं होऊ दे सावकाश. मी वर बसते." आणि वरच्या दालनात, जुन्या टाइपरायटरांच्या रांगेसमोर, ती ऐसपैस बसली. ताई तळघराचा जिना उतरल्या.

खाली लांबट लोखंडी ट्रे जमिनीवर मांडून ठेवले होते. ओलीचा कुबट वास, कसरीने कुरतडलेल्या कडा. सरांनी हातमोजे पुढे केले. पंचबाईंनी ते घातले, पण कार्डं ओळखायला त्यांना उचलावीसुद्धा लागली नाहीत.

"ही तिरकी रेघ बघा," त्यांनी दाखवलं. कार्डांच्या गठ्ठ्यावर, वरच्या कडांवरून, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रेघ गेलेली होती. "हजार कार्डं हातातून सांडली तर लावणार कशी परत? म्हणून ही रेघ. रेघ जुळली की क्रम जुळला. प्रत्येकीचा रंग ठरलेला. लाल दिसतेय ती आमच्या हेडबाईंची. जांभळी माझ्या जोडीदारणीची. पेन्सिलची रेघ असेल तर नवीन पोरींचा सराव, तो खुशाल टाका."

जपून सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. एवढी साधी गोष्ट कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही, असं ते तीनदा म्हणाले आणि तीनदा वहीत उतरवून घेतलं. ट्रेमागून ट्रे निकालात निघत गेले. अकरा सरावाचे, पाच पगारपत्रकांचे, दोन कुणा प्राध्यापकांच्या आकडेमोडीचे. राहिला शेवटचा. भिंतीशी टेकवलेला, वरचं फळकूट निघालेला. पंचबाई वाकल्या आणि तशाच राहिल्या.

रेघ हिरवी होती. हिरवा रंग त्यांचा. आणि कार्डांच्या मागे, रबर विरघळून चिकटलेला, गुणांच्या कागदांचा जाड गठ्ठा होता.

आता हे सगळं काय ते सांगायला हवं. बेचाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठाने पहिल्यांदाच परीक्षेचा निकाल संगणकावर लावायचं ठरवलं. पंचबाईंना नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते, अप्पा म्हणजे वडील आजारी, आणि घर या एका पगारावर चाललेलं. नियम दोन होते. घरातलं कुणी परीक्षेला बसलं असेल तर आधी सांगायचं. आणि जिने कार्ड पंच केलं तिने ते तपासायचं नाही. तपासणीचं वेगळं यंत्र असे. दुसरीने तोच कागद बघून तेच आकडे पुन्हा दाबायचे. जुळले तर यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला अर्धगोल खाच पाडायचं. पंचबाईंनी दोन्ही नियम मोडले. धाकटी परीक्षेला बसली होती ते त्या बोलल्या नाहीत, कारण सांगितलं असतं तर त्यांना महिनाभर घरी बसवलं असतं. आणि शेवटच्या दिवशी जोडीदारणीचे डोळे आले, निकाल तर संध्याकाळी हवा, हेडबाई म्हणाल्या, तुझी तूच तपासून टाक. त्यांनी टाकली.

गणिताचे परीक्षक कुणी वल्ली होते. इंग्रजी एकाच्या आकड्याला असा शेंडा काढायचे की तो सात वाटावा. एका ओळीवर पंचबाईंचं बोट क्षणभर अडलं होतं, ते त्यांना चांगलं आठवत होतं. अठरा की अठ्ठ्याहत्तर? अठरा, असं ठरवून त्यांनी दाबलं. तपासतानाही अठराच दिसलं, कारण डोळे तेच आणि माणूसही तेच. निकाल लागला तेव्हा धाकटी गणितात नापास. तिचा बैठक क्रमांक होता सव्वीसशे त्रेपन्न, आणि सव्वीसशेची सगळी थप्पी पंचबाईंच्या हातची होती.

धाकटी घरात गणिताची हुशार म्हणून नावाजलेली. पेपर छान गेला असं ती सांगत आलेली. अप्पांनी तिला इंजिनिअर करायची स्वप्नं बघितलेली. सगळं तिथेच थांबलं. "त्या मेल्या यंत्राने घोळ घातला," असं अप्पा जाईपर्यंत म्हणत राहिले, आणि पंचबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. यंत्राने घोळ घातला नसून तुमच्या थोरल्या लेकीने घातला, हे सांगायला जीभ रेटली नाही. नोकरी गेली असती. कागद तर त्याच दिवशी कोठीत कुलूपबंद झाले होते. पुढे किल्ली मागता आली असती, पण तोवर धीर आटला होता.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. धाकटी म्हणेल ती पूर्व दिशा. शिवणयंत्र हवं? घे. माझ्या वाट्याचं घर कारखान्याला हवं? घे. धाकटीने उलट बोलावं, वेळेवर येऊ नये, दुसऱ्याची वस्तू न विचारता न्यावी, ताईंनी हूं की चूं करू नये. नात्यागोत्यातले म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकलं की पंचबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"बाई?" जपून सर विचारत होते. "हा कसला?"

"सरावाचा," पंचबाई म्हणाल्या.

सरांनी मुळीच शंका घेतली नाही. खडू घेतला, ट्रेवर फुली मारली आणि तो दाराशी, गाडीत जायच्या ढिगाकडे सरकवला. "म्हणजे परीक्षेचा एकही वाचला नाही," ते हळहळले. "पहिला निकाल होता हो तो. वाटलं होतं, मिळेल. असो. तुम्ही सांगितलंत म्हणजे झालंच."

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. पंचबाई "जरा आलेच" म्हणून बाहेर गेल्या आणि बोळातल्या बाकावर बसल्या. साडेबारा वाजले होते. साडेतीन तास गप्प बसायचं, मग गाडी येईल, कागदाचा लगदा होईल, आणि बेचाळीस वर्षांचं लचांड कायमचं मिटेल. पण मिटेल का? उलट मग जगात कुणालाच सांगता येणार नाही की तो एक होता की सात. रात्री दिवा मालवताना जे डोक्यात यायचं ते येतच राहील, आणि त्याला उत्तर देणारा कागद आपण आपल्या तोंडाने रद्दीत घातलेला असेल. शिवाय त्यांना रागही आला, स्वतःचाच. आपल्या हातच्या कामाला आपणच सराव म्हणालो! एवढा भरवसा टाकणाऱ्या माणसाला फसवायचं हे वय आहे का? त्या उठल्या.

"सर, ती फुली पुसा," आत येऊन त्या म्हणाल्या. "तोच परीक्षेचा. मी खोटं बोलले."

आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन्ही नियम, जोडीदारणीचे डोळे, परीक्षकांचा शेंडा, धाकटी. सांगून झाल्यावर जपून सरांनी एक स्टूल ओढून बाईंना बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, आणि ट्रे दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला.

"आधी कार्ड बघू," ते म्हणाले.

पंचबाईंना ते शोधायला मिनिट लागलं नाही. त्या यंत्रावर कार्डांवर अक्षरं छापली जात नसत, नुसती भोकं. पण ती वाचायला त्यांना अजून चष्माही लागला नसता. बोट फिरवत त्या म्हणाल्या, "सव्वीसशे त्रेपन्न. गणित. एक, आठ." उजव्या कडेला खाच होती. सर म्हणाले, "म्हणजे तपासलेलं आहे." त्या म्हणाल्या, "मीच तपासलंय. त्या खाचेला काही अर्थ नाही."

मग कागद. गठ्ठ्यातला चौदावा. ओळ सापडली. निळी शाई पसरली होती, पण आकडा होता. पंचबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. सरांनी भिंग दिलं. शेंडा जसाच्या तसा. एक म्हणावं तर एक, सात म्हणावं तर सात. बेचाळीस वर्षांनी, चार डोळे आणि एक भिंग लावूनही काही सांगता येईना.

"आणि हे पलीकडे काय आहे?" सरांनी विचारलं.

"कुठे पलीकडे?"

"कागद दुमडलाय की. उजवी बाजू मागे आहे."

पंचबाई बघतच राहिल्या. खरंच की! त्या सगळ्याच जणी कागद दुमडून लावायच्या. यंत्रावरची कागद धरायची पट्टी अरुंद, आणि हे कागद रुंद; म्हणून आल्या आल्या सगळा गठ्ठा उभा दुमडायचा, बैठक क्रमांक आणि अंकी गुण तेवढे समोर ठेवायचे आणि सुटायचं. मागे काय राहतं ते बघायला वेळ कुणाला होता? मागे राहायचा तिसरा रकाना. गुण अक्षरी. प्रत्येक परीक्षकाने आकड्याशेजारी तोच आकडा अक्षरांत लिहायचा, हा विद्यापीठाचा शिरस्ता, आणि पंच ऑपरेटरांनी तो कधी वाचलाच नव्हता.

त्यांनी हात पुढे केला तसे सर दचकले. "जपून! घडीवर मोडेल तो. एवढी वर्षं दबलाय, असा उलगडायचा नाही."

त्यांनी ओलसर टिपकागदाची पट्टी घडीवर ठेवली, वर काच ठेवली, आणि म्हणाले, आता अर्धा तास. असला अर्धा तास वैऱ्यालाही मिळू नये. पंचबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काही केलंच नाही. अठ्ठ्याहत्तर असेल तर? वर जाऊन सांगायचं, बस्स. धाकटीने तोंड बघायचं सोडलं तरी सांगायचं. तिचं आयुष्य वाईट गेलं असं नाही, पण ते तिने निवडलेलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी तरी तिला खरं कळायला हवं.

सरांनी काच काढली. चपटी लाकडी पट्टी घडीत सरकवली आणि इंच इंच पुढे नेत कागद उघडत आणला. तीच ओळ. तिसरा रकाना. परीक्षकांचा आकडा जितका चमत्कारिक, अक्षर तितकंच मोत्यासारखं.

अठरा.

पंचबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शब्दावर बोट ठेवलं, मग पुन्हा वाचला, मग सरांकडून मोठ्याने वाचून घेतला. मग त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांना इतकं हलकं वाटलं की स्टुलावर बसवेना. "बरोबर होतं माझं," त्या म्हणत राहिल्या. "बरोबर पंच केलं होतं हो मी." जपून सरांनी स्वतःचे डोळे हातमोज्याने पुसले, जे नियमात बसत नव्हतं.

रडू ओसरल्यावर पंचबाईंच्या मनात आलं, धाकटीला तरीही सगळं सांगायलाच हवं, आणि त्या तशाच जिना चढून वर गेल्या.

धाकटी एका टाइपरायटरवर वाकून बघत होती. ताईंचा चेहरा बघून ती उठून उभी राहिली. "काय झालं गं? बरं वाटत नाही का?"

"तुझे गणिताचे गुण सापडले," ताई म्हणाल्या. "परीक्षकांच्या हातचे. आणि मला तुला एक सांगायचंय. ते कार्ड मी पंच केलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या हातून चुकलं म्हणून तू नापास झालीस. अठ्ठ्याहत्तरचे मी अठरा केले, असं. आज कागद उघडला. अठराच आहेत."

धाकटी मटकन खुर्चीत बसली.

"अठराच असणार," ती म्हणाली. "पहिला प्रश्न सोडवला आणि लेखणी खाली ठेवली मी. उरलेला वेळ पुढच्या मुलीच्या फ्रॉकची बाही कशी बेतली असेल ते बघत बसले होते. मला नव्हतं व्हायचं गं इंजिनिअर. अप्पांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं. म्हटलं, एकदा नापास झाले की आपोआप सुटेन. मग निकाल लागला आणि अप्पाच म्हणाले, यंत्राची चूक. मी आपली गप्प बसले. फेरतपासणीचा अर्ज त्यांनी आणला होता, तो भरते म्हणून नेला आणि फाडून टाकला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला माहीत आहे असंच वाटत होतं मला!" धाकटीचा आवाज चढला. "तू त्या खोलीत काम करायचीस. सगळे कागद तुझ्या हातांखालून गेलेले. मला वाटलं, हिने बघितलंय आणि ही पोटात ठेवतेय. मी काहीही केलं तरी तू गप्प. मुद्दाम वेडंवाकडं वागून बघितलं, तरी तू गप्प. वाटायचं, एकदा खडसावेल तर सुटेन. बेचाळीस वर्षं मी तुझ्या ओरडण्याची वाट बघतेय, ताई."

दालनात दुसरं कुणी नव्हतं ते बरंच झालं. दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या आणि रडल्या, आणि त्यातलं आधी काय झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पंचबाईंनी आपल्याला राग येतोय का ते तपासून बघितलं. येत नव्हता. एवढी वर्षं उरावर बसलेलं ओझं उतरलं होतं, आणि त्या जागी रागाला आणून बसवायची त्यांची इच्छाच नव्हती.

"चल, बघ तरी," त्या म्हणाल्या आणि धाकटीला खाली घेऊन आल्या.

जपून सरांनी ट्रेवरची फुली पुसून टाकली होती आणि कपाटातला पहिला खण त्याच्यासाठी मोकळा केला होता. कागद काचेखाली उघडा पडला होता, तिन्ही रकाने समोर. धाकटी दोन्ही हात मागे बांधून वाकली, सव्वीसशे त्रेपन्नपर्यंत आली आणि आपले गुण आयुष्यात पहिल्यांदा परीक्षकांच्या अक्षरात वाचले. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अठरा कसे?" ती म्हणाली. "पहिला प्रश्न वीस गुणांचा होता. अख्खा सोडवला होता मी, उत्तर बरोबर होतं. दोन कुठे कापले?"

"पायऱ्या गाळल्या असशील," ताई फटकन म्हणाल्या. "लहानपणापासून खोडच आहे तुला. धड एक काम पुरं करायचं म्हणून नाही."

बेचाळीस वर्षांत त्यांनी धाकटीला लावलेला हा पहिला बोल होता. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे पुन्हा भरून आले आणि तिने होकारार्थी मान हलवली.

"गाळल्या असतील," ती म्हणाली.